फोटोच्या पाठीवर सही कोणाची

दातांच्या डॉक्टरकडे किस्से साठतात याचं लोकांना नवल वाटतं. पेशंटचं तोंड उघडं, त्यात आरसा, नळी, कापूस, तो बिचारा बोलणार कधी? पण लोक खुर्चीत बसायच्या आधी भीतीनं बोलतात, आणि उठल्यावर अर्ध्या बधिर ओठांनी तर फारच बोलतात. दुबईत करामातल्या माझ्या क्लिनिकात वीस वर्षांत इतकं ऐकलंय, की रिटायर झाल्यावर मला टीव्ही लागणार नाही.

तरी माझ्याकडचे चांगले किस्से दातांचे नाहीतच. ते सह्यांचे आहेत.

त्याचं असं आहे. आमच्या ओळखीतली बरीच मराठी घरं पुण्या-मुंबईहून आधी इंग्लंडात गेली, दहाबारा वर्षं तिथल्या पावसात काढली, तिथला पासपोर्ट घेतला आणि मग दुबईत येऊन पडली. मीही त्यातलीच. हा पासपोर्ट पहिल्यांदा काढताना, लहान मुलाचा काढताना, हरवल्यावर, किंवा जुन्या फोटोवरून माणूस ओळखू येईनासा झाला तर, एका तिऱ्हाइताची सही लागते. त्यानं फोटोच्या पाठीवर लिहून द्यायचं की हा फोटो अमक्याचाच आहे, आणि मी त्याला ओळखतो.

हा तिऱ्हाईत कोण चालतो याची यादी असते. शिक्षक चालतो, सीए चालतो, दातांचा डॉक्टर चालतो. मात्र तो नात्यातला नको, एका घरात राहणारा नको, ओळख निदान दोन वर्षांची हवी. आणि शेवटची अट सगळ्यांत अवघड: नुसती कामापुरती ओळख चालत नाही. माणूस खरोखर माहितीतला हवा.

यादीत दातांचा डॉक्टर आहे म्हणताच मी अचानक लोकप्रिय झाले. ज्यांनी मला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्यांना मी बहिणीसारखी वाटायला लागले.

* * *

ही यादी माझ्या हातात पहिल्यांदा पडली तेव्हा ती फिलोमिनानं वाचून काढली. फिलोमिना वसईची. एकोणीस वर्षं माझ्याकडे रिसेप्शनला आहे. कोणत्या पेशंटची मुलगी कितवीत आहे, कोणाची सासू परवाच्या फ्लाइटनं आली, इंजेक्शन म्हटल्यावर कोणाला घाम फुटतो, हे तिला तोंडपाठ असतं. क्लिनिकात मी दात बघते आणि माणसं ती बघते.

तिनं यादी खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, इथं फोटोग्राफर आहे. मयताची सगळी अरेंजमेंट करतो तो माणूसपण आहे. मी नाही."

मी म्हटलं, अगं, ती व्यवसायांची यादी आहे, त्याला तू काय करणार.

"तसं नाही," ती म्हणाली. "माझी आणि त्या माणसाची ओळख होईल, तेव्हा मी त्याच्याकडे फॉर्म घेऊन उठून जाणार आहे का?"

 

* * *

पहिली सही मागायला आले ते बँकेतले एक मोठे साहेब. त्यांना आपण नाईक म्हणू. सूट, कफलिंक, दर सहा महिन्यांनी क्लीनिंग, कधी अपॉइंटमेंट चुकवली नाही. ते फॉर्म घेऊनच आले आणि म्हणाले, डॉक्टर, नऊ वर्षं तुमच्याकडे येतोय, आपल्याइतकी जुनी ओळख दुबईत कोणाची असते!

मी त्यांना विचारलं, मी तुम्हाला कशी ओळखते? ते हसले. म्हणाले, म्हणजे काय, ओळखता ना?

मी म्हटलं, "मी तुमची खालची डावी अक्कलदाढ ओळखते. तुम्ही झोपेत दात खाता हे मला माहीत आहे. का खाता, ते मला माहीत नाही."

मला वाटलं ते रागावतील. ते उठले नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वी वरच्या जागेवरून त्यांना बाजूला केलं होतं. घरी अजून सांगितलेलं नव्हतं. बायकोला वाटत होतं की साहेब अजून त्याच केबिनमध्ये बसतात. रोज सकाळी टाय बांधताना छातीत काहीतरी व्हायचं. बाहेर दोन पेशंट थांबले होते. फिलोमिनानं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण अर्धा तास कोणी दार वाजवलं नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी फॉर्म पुन्हा पुढे सरकवला. म्हणाले, आता तरी ओळख झाली ना?

मी म्हटलं, झाली. आजपासून दोन वर्षं मोजा.

तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं. पुढच्या वर्षी ते मस्कतला गेले. जाण्याआधी एकदा फोन आला होता, बायकोला सांगितलं म्हणून. दातांबद्दल मी विचारलं नाही.

* * *

गौरी माझी सहा वर्षांपासूनची मैत्रीण, शारजात राहते. तिला जुळे मुलगे झाले, अन्वय आणि अद्वय. चार महिन्यांचे झाल्यावर पासपोर्ट काढायचा ठरला आणि सही अर्थातच माझी. मी आनंदानं गेले.

आता हे दोघं इतके सारखे, की साताऱ्याहून आलेल्या आजीनं पहिल्याच आठवड्यात व्यवस्था लावून टाकली होती. अन्वयला उजव्या गालावर तीट, अद्वयला डाव्या. सगळं घर त्या काजळाच्या ठिपक्यावर चाललं होतं. औषध, दूध, लस, सगळं तीट बघून.

त्याआधी घरचे दोघांना घेऊन फोटो काढायला स्टुडिओत गेले तेव्हा फोटोवाल्यानं सांगितलं, चेहऱ्यावर काही चालणार नाही. गौरीनं ओल्या रुमालानं दोघांचे गाल पुसले. फोटो झाले. घरी येऊन आजींनी पुन्हा तीट लावली, पण अंदाजानं. आणि पाकिटातून निघाले दोन स्वच्छ गालांचे फोटो.

मी पेन उघडून बसले. एका फोटोमागे अन्वय लिहायचं, दुसऱ्यामागे अद्वय. गौरी म्हणाली, हा अन्वय. तिचा नवरा म्हणाला, छे, तो अद्वय. आजी म्हणाल्या, तीट पुसलीत कशाला? मी तिघांकडे बघत राहिले. मोठी बहीण इरा पहिलीत होती, ती खाली बसून रंगवत होती. तिनं मान वर करून एकदा फोटोंकडे पाहिलं.

"That one is Advay," ती म्हणाली. "He always looks worried."

आम्ही सगळे फोटोंवर वाकलो. खरंच, एकाच्या कपाळावर बारीकशी आठी होती. पाळण्यात जाऊन पाहिलं, तर तिथंही एकाला होती, आणि आजींनी त्याच्या उजव्या गालाला तीट लावून ठेवली होती. ती पुसून डावीकडे लावली.

नियमाच्या बाबतीत मी कडक आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं. त्या दिवशी मी एका सहा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर दोन सह्या केल्या. त्या घरात सही करायला लायक अशी एकच व्यक्ती होती आणि तिला अजून जोडाक्षरं येत नव्हती.

* * *

रेगे आणि पेडणेकर यांचं मात्र माझ्यावाचून अडत नव्हतं. अठरा वर्षं ते एकमेकांच्या फॉर्मवर सह्या करत आले होते. एक शिक्षक, दुसरा सीए, दोघांच्या बायका मैत्रिणी, गणपतीत आरास एकत्र. मुलं लहान असताना त्यांच्या पासपोर्टांवरही यांच्याच सह्या.

मग रेग्यांचा मुलगा आणि पेडणेकरांची मुलगी यांचं जमलं. आनंदीआनंद झाला. साखरपुडा थाटात झाला, आणि पुढच्याच महिन्यात रेग्यांचा पासपोर्ट हरवला.

रेगे सवयीनं फॉर्म घेऊन पेडणेकरांकडे गेले. पेडणेकर सीए. त्यांनी आधी नियम वाचला. नातेवाईक नको, लग्नानं झालेलाही नको.

"लग्न कुठं झालंय अजून?" रेगे म्हणाले. "नुसता साखरपुडा आहे."

"सही करतो," पेडणेकर म्हणाले, "पण पासपोर्ट यायच्या आत लग्न झालं तर मी खोटारडा ठरेन. पुढे ढकलायचं का?"

दोघं मिळून माझ्याकडे आले. दोघांशी माझा जुना घरोबा होता, मी सही केली. जाताना रेगे दारात थांबले आणि मला म्हणाले, जवळचे होतो तोवर चाललो, आणखी जवळचे झालो आणि बाद झालो. ते हसत होते, पण थोडं त्यांना लागलेलं होतं. पेडणेकरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना लिफ्टकडे नेलं.

* * *

रूपालीचा किस्सा मी फारसा सांगत नाही, कारण त्यात माझं काही चांगलं दिसत नाही.

ती आमच्या क्लिनिकात दुसऱ्या डॉक्टरांबरोबर काम करायची. इंटरनॅशनल सिटी या लांबच्या वस्तीत दोन मुलींबरोबर खोली शेअर करायची, येताना कार-लिफ्टनं, म्हणजे पैसे देऊन कोणाच्या तरी गाडीतून यायची. रोज दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. मला तिच्या आईची कोथिंबीर वडी माहीत होती, तिचा मोडलेला साखरपुडा माहीत होता, ती कोणत्या गाण्यावर रडते हेही माहीत होतं.

तिनं फॉर्म आणला तेव्हा मी तारखा मोजल्या. आमच्या ओळखीला एक वर्ष आणि दहा महिने झाले होते.

मी तिला म्हटलं, दोन महिने थांब. ती म्हणाली, डॉक्टर, इथं व्हिसा दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत माणसं निघून जातात. मी म्हटलं, नियम तो नियम. ती बरं म्हणाली. त्यात राग नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं जेवायची वेळ अर्ध्या तासानं पुढे नेली.

बरोबर दोन महिन्यांनी मी तिला मेसेज केला, की आता दोन वर्षं झाली, फॉर्म घेऊन ये. तोवर ती अबू धाबीला दुसऱ्या नोकरीवर गेली होती. तिचं उत्तर आलं: "काम झालं डॉक्टर. पण तुम्ही तारीख लक्षात ठेवलीत, थँक यू."

हा मेसेज मी अजून पुसलेला नाही. मी चुकले असं मला वाटतं. नियमानं मी बरोबर होते, हेही मला माहीत आहे, आणि त्यानं काहीच बरं वाटत नाही.

* * *

आता करंदीकरांचं सांगते.

श्रीधर करंदीकर माझे अकरा वर्षांपासूनचे पेशंट. तरुणपणी इंग्लंडात स्टोक नावाच्या गावी होते, तिथं चिनीमातीची भांडी बनतात. तिथून दुबईपासून तासाभरावरच्या रास अल खैमाला आले, एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी बघायला. टाइलवरचा केसाएवढा तडा त्यांना चष्म्यातून दहा फुटांवरून दिसायचा. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी मधुरा मँचेस्टरला.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या खालच्या हिरडीत मला एक जखम दिसली, जी मला आवडली नाही. पाठवलं तपासायला. जे वाटलं होतं तेच निघालं. डाव्या बाजूचा अर्धा जबडा काढावा लागला, पायातलं हाड घेऊन तिथं बसवलं. करंदीकर जगले. पण डावा गाल आत गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं, जेवताना ओघळ यायला लागला. मला त्यांच्याबद्दल अजून अपराधी वाटतं. सहा महिने आधी ते आले असते तर, आणि मीच फोन करून बोलावलं असतं तर, असं मनात येतंच.

ऑपरेशननंतर त्यांनी चेहऱ्यावर मास्क चढवला तो उतरवलाच नाही. कारखान्यात धूळ असते, तिथं मास्क लागतोच, कोणाला वावगं वाटलं नाही. दुपारचा डबा ते गाडीत बसून खायचे, काचेला सनशेड लावून. आमच्याकडे यायचे तेव्हा वेटिंगमध्ये मास्क, खुर्चीत बसल्यावर माझ्यापुरता काढायचे आणि उठायच्या आधी चढवायचे. फिलोमिनानंही त्यांना तसं पाहिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी मधुराला दिवस गेले. आई नाही, सासू नाही. तिनं वडिलांना सांगितलं, बाबा, मला बाकी काही नको, फक्त तुम्ही इथं असा. करंदीकरांनी पासपोर्ट काढून पाहिला तर मुदत संपत आलेली. नवा फोटो काढला, आणि जुन्या फोटोशी त्याचा काही मेळच नव्हता. म्हणजे सही आली. मधुराच्या तारखेला तीन महिने राहिले होते.

ते फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसले आणि त्यांनी अगदी क्वालिटीवाल्याच्या पद्धतीनं मांडणी केली. ज्यांनी हा चेहरा पाहिलाय ते सर्जन, नर्स आणि तुम्ही, म्हणजे सगळे कामापुरते. मधुरानं पाहिलाय, पण तिची सही चालत नाही, कारण ती मुलगी आहे. जे मित्र आहेत त्यांनी हा चेहरा पाहिलेला नाही. तेव्हा डॉक्टर, तुम्हीच करा.

मी पेन हातात घेतलं होतं, हे खरं सांगते. रूपालीच्या वेळची चूक मला पुन्हा करायची नव्हती. तरी विचारलं, मित्रांमध्ये असं कोणीच नाही का?

त्यांनी नाव सांगितलं. अनंत सबनीस. सीए, रास अल खैमातच चार गल्ल्या पलीकडे घर. सव्वीस वर्षांची मैत्री. दर शुक्रवारी दोघं कॅरम खेळायचे. ऑपरेशननंतर करंदीकरांनी शुक्रवार टाळायला सुरुवात केली, आज बरं नाही, आज काम आहे. सबनीसांनी कारण कधी विचारलं नाही. ते दर शुक्रवारी सकाळी फोन करतात, दहा मिनिटं कारखान्याचं, क्रिकेटचं बोलतात. आणि दुपारी दाराच्या कडीला डबा अडकवून, बेल वाजवून निघून जातात.

"काय असतं डब्यात?" मी विचारलं.

"मऊ भात," करंदीकर म्हणाले. "मुगाचं वरण. दुधी शिजवून घोटलेला. दोन वर्षं झाली."

मी म्हटलं, सबनीसांना सही मागा. ते म्हणाले, त्यासाठी तोंड दाखवावं लागेल. मी म्हटलं, हो.  ते म्हणाले, "अनंतानं तोंड फिरवलं, तर माझ्याकडे शुक्रवारचा फोनही राहणार नाही."

मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आले. फिलोमिनानं सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही साइन केली तर खलास. उनका काम होऊन जाईल, आणि ते परत कोणालाच तोंड दाखवणार नाहीत. मुलीच्या बाळालापण मास्क घालूनच घेतील."

मी आत गेले आणि नाही म्हटलं. आयुष्यात इतकं जड 'नाही' मी कधी म्हटलं नव्हतं. करंदीकरांनी मास्क चढवला, मानेनं नमस्कार केला आणि गेले. फॉर्म टेबलावरच राहिला. तो फिलोमिनानं पाकिटात घालून कुरिअरनं पाठवला.

पंधरा दिवस काही कळलं नाही. मी रोज तारखा मोजत होते. एक बाई बाळंत होणार, तिचा बाप माझ्या हट्टापायी इथं अडकणार, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. सोळाव्या दिवशी फोन आला. करंदीकर म्हणाले, शनिवारी सकाळी अनंताला बोलावलंय. तुम्ही आणि फिलोमिना याल का? कोणीतरी चेहरा पाहिलेलं बरोबर असलेलं बरं.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. वाटभर फिलोमिना माळ ओढत होती आणि मी एक्झिट चुकले. करंदीकरांचं घर नीटनेटकं होतं. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून उभा, त्यावर स्वच्छ फडकं. टेबलावर फॉर्म, दोन फोटो, पेन. चहाचे चार कप मांडलेले होते, पण मास्क तोंडावर होता.

सबनीस आले. बुटके, गोल, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी ट्रॅफिकला शिव्या घातल्या, आम्हाला नमस्कार केला आणि खुर्चीत बसून म्हणाले, बोला, कुठं सही करायची?

करंदीकरांनी त्यांना नियम सांगितला. फोटो बघायचा, मला बघायचं, आणि दोन्ही एकच आहेत असं वाटलं तरच सही करायची. उपकार म्हणून करायची नाही.

"बरं," सबनीस म्हणाले. "दाखव."

करंदीकरांचे हात कानामागे गेले आणि तिथंच थांबले. फिलोमिनानं माझं मनगट धरलं. मग त्यांनी मास्क काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

सबनीस बघत राहिले. घाईनं नजर वळवली नाही, की उगाच हसलेही नाहीत. डावा गाल पाहिला, ओढलेलं तोंड पाहिलं, हनुवटीखालचा व्रण पाहिला.  मग त्यांनी फोटो उचलला, हात लांब करून धरला, जवळ आणला आणि मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "हा तू नाहीस."

करंदीकरांनी खाली पाहिलं. त्यांचा हात मास्ककडे गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सबनीसांचं संपलेलं नव्हतं.

"फोटोत चष्मा कुठाय?" ते म्हणाले.

करंदीकरांना कळेना. फोटोवाल्यानं काढायला लावला, त्यांनी सांगितलं, काच चमकते म्हणून.

"मग तसं आधी बोलायचं की रे. सव्वीस वर्षांत तुला बिनचष्म्याचा मी एकदाही पाहिलेला नाही, सही कशाच्या जिवावर करू? काढ बघू."

करंदीकरांनी चष्मा काढला. डोळे पुसायला लागले, तर सबनीसांनी त्यांचा हात धरून खाली केला. फोटो त्यांच्या उजव्या गालाशेजारी धरला, मग डाव्या गालाशेजारी धरला, दोन्हीकडे नीट बघून घेतलं. मग फोटो टेबलावर पालथा घातला आणि पेन उघडलं.